पिंपातलं जुनं पाणी

आधी तिच्याबद्दल सांगते, मग काय झालं ते. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली ती बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर वाडीतल्या माणसानं मान वर करावी. मी तिला अक्का म्हणायचे. ती मला घाटीण म्हणायची. पुढे आमची चांगली ओळख झाली, तरी घाटीणच. ती पाठीशी उभी राहिली म्हणून मी त्या गावात टिकले आणि दोन वेळचं स्वतःच्या हातचं खाते आहे. नावं लिहायची नाहीत असं ठरवूनच लिहायला बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. कुणाचं नाव चुकीच्या जागी पडलं आणि त्याला त्रास झाला तर, ही धास्ती मला अजून वाटते. पण ज्यांना ती माहीत आहे त्यांना ती नावावाचून कळेल.

मी माणदेशातली. चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मुलीला तिकडे कोण पाठवणार, म्हणून घरी बसले. आईवडील गेल्यावर भावाच्या घरात होते. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पूर्वी एक नर्सबाई होत्या. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंनी रेवदंड्याला बाळंतपणाचं घर काढलं होतं, सात-आठ खाटांचं, पोफळीच्या वाडीला लागून. तिथे धुणं आणि वरकाम करायला मुलगी हवी होती. मी एकोणीस वर्षांची होते. निघताना भाऊ म्हणाला, "जमलं नाही तर परत ये. जागा नाही असं नाही, पण..." आणि त्या पणच्या पुढे तो काही बोललाच नाही. मोटारीत पुण्यापर्यंत, पुण्यापासून पनवेलपर्यंत आणि पुढे अलिबागपर्यंत मी त्याचा तो 'पण' मनात घोळवत आले.

मी पोचले तेव्हा पाऊस लागून पंधरवडा झाला होता. पाणी एवढं असतं हे मी ऐकून होते, पण कौलांवर, पानांवर, अंगणात, विहिरीच्या काठापर्यंत सगळीकडे पाणी आणि त्याला कुणी भांडं लावत नाही, हे पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. पागोळ्यांखाली मी मिळतील ती भांडी मांडली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "अगं, ही सगळी पातेली बाहेर कशाला? पावसाला जेवायला बोलावलंयस का?" त्या हसल्या. मीही हसले, पण मग मागच्या पडवीत जाऊन थोडी बसले.

ज्या बाई ते घर चालवत होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या कडक होत्या, वाईट नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची रीत सांगितली. बाळंतखोलीतली फडकी तेवढी चुलीवर उकळायची. चादरी, अभ्रे, दुपटी, टॉवेल हे सगळं विहिरीच्या थंड पाण्यात. पावसात लाकडं ओली असतात, धूर होतो, आणि सगळं उकळत बसलं तर चहालाही सरपण उरणार नाही. मागच्या पडवीत एक लाकडी पिंप होतं, अर्धं कापलेलं, माझ्या कमरेइतकं उंच. कुठल्या तरी गलबतावरून कधीकाळी उतरलेलं. त्यात सोडा आणि साबणाचा चुरा घालून कपडे भिजत टाकायचे, मग दगडावर धुवायचे.

थंड पाण्याचं मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे तरी कोण कापडं ऊन पाण्यात धुतं? पण आमच्याकडे साबणाचं पाणी ओतून देत नाहीत. आई एका घमेल्यात साबणाचं पाणी करायची. त्यात आधी पांढरं, मग रंगीत, मग गोधडी, आणि ते पाणी झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्यात थोडं नवं घालून पुन्हा. खळबळलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी. लहानपणी एकदा माझ्या हातून घमेलं कलंडलं तर आईनं मारलं नाही, नुसती त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. ते मारापेक्षा वाईट होतं. कापडं म्हणाल तर काटेरी कुंपणावर टाकली की पोळी होईस्तोवर पापडासारखी वाळत. वास कसला येणार त्यांना? उन्हाचा.

तर रेवदंड्याच्या पिंपातही मी तेच केलं. रोजचं पाणी ठेवायचं, वर दोन पोहरे नवं पाणी, थोडा सोडा, थोडा साबण. मला वाटायचं, मी घराची बचत करते आहे. साबण कमी लागतोय हे मोठ्या बाईंच्या लक्षात आलं तर त्या म्हणतील, पोरगी काटकसरी आहे. हे कुणी म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं व्हायचं. बाळंतिणी आपल्या बाळांत, त्यांच्या आया-सासवा त्यांच्यात. माझं बोलणं ऐकून कुणीतरी हसायचं, म्हणून मी कमी बोलू लागले.

मोठी चादर पिळायला दोन माणसं लागतात. मी एकटीच होते. मग चादरीचं एक टोक पोफळीच्या खोडाला बांधायचे आणि दुसरं टोक धरून पीळ घालायचे. झाड काही उलटा पीळ घालत नाही. अर्धं पाणी चादरीतच राहायचं. आणि त्या चादरी पडवीतल्या दोरीवर एकीला एक चिकटून दोन-दोन दिवस लोंबत असायच्या. वरून कोरड्या वाटल्या की मी घडी घालून कपाटात ठेवायचे.

श्रावण लागला आणि एका वाडीवाल्यांची सून बाळंत झाली. मुलगा झाला म्हणून सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला. संध्याकाळी मी चादर बदलायला गेले, तर तिच्या सासूबाईंनी चादरीचं टोक नाकाशी नेलं.

"ही धुतलेली आहे?"

"हो, आजी. काल धुतली."

"कशात धुतलीस? ताकात?"

खाटेवरची सून तोंडावर पदर धरून म्हणाली, "आई, मला मळमळतंय."

मी चादर घेऊन बाहेर आले आणि प्रथमच ती नीट हुंगली. आंबूस, कुबट, ओल्या कुत्र्यासारखा वास. मग कपाट उघडलं. सगळ्या कपाटाला तो वास होता. मला तो इतके दिवस आला कसा नाही? माझं नाक त्या वासातच राहत होतं, म्हणून.

मोठ्या बाईंनी मला दवाखान्याच्या खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू मेहनती आहेस, मला दिसतं. पण माझ्याकडे लोक येतात ते स्वच्छतेसाठी. घरी सुईण असताना माझ्या खाटेवर का येतील? नारळी पौर्णिमेपर्यंत बघते. तोवर हा वास गेला नाही, तर तुला भावाकडे पोचवायची व्यवस्था करते."

व्यवस्था करते, असं त्या म्हणाल्या. चांगल्या शब्दांत म्हणाल्या. पण मला भावाचा तो 'पण' पुन्हा ऐकू आला.

मग मी काय काय केलं! साबण दुप्पट घातला. सोडा इतका घातला की माझ्या बोटांची सालं निघाली. निरगुडीचा पाला घातला. नीळ जास्त झाली आणि दुपटी निळसर दिसायला लागली. वास एक दिवस दबायचा आणि चादरीवर अंगाची ऊब लागली की पुन्हा वर यायचा. साबण जितका घालावा तितका तो वास जास्त ओशट होत होता. रात्री मला झोप लागेना. आपल्या हातालाच काही आहे का, असंही मनात येऊन गेलं.

एक दिवस पावसानं उघडीप दिली. वारा समुद्राकडून चांगला सुटला होता. मी धुतलेल्या चादरी बादल्यांत भरून किनाऱ्याच्या अंगाला गेले, कुठे झुडपं-बिडपं मिळतात का बघायला. आणि बघते तर काय, वाळूवर बांबू उभे केलेले आणि त्यांच्यावर दोऱ्याच दोऱ्या ताणलेल्या, एकाखाली एक, रिकाम्या. मला इतका आनंद झाला! वाटलं, किती शहाणं गाव आहे, सगळ्या गावाच्या धुण्यासाठी अशी सोय करून ठेवली आहे आणि मला कुणी सांगितलं नाही. मी सगळ्या चादरी पसरल्या. वाऱ्यानं त्या फडफडायला लागल्या. किती दिवसांनी मला थोडं बरं वाटलं.

मागून आरोळी आली.

"अगो बाय गो! ह्या कोनी घातल्या?"

तीन-चार कोळणी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. एक म्हणाली, "बघ गो, औंदा बोंबील केवढं रुंद आयलंत!" दुसरी म्हणाली, "आनि होड्या सुटायच्या आधीच!" सगळ्या खदाखदा हसल्या. पुढे उभी होती ती मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"कोनाची गो तू?"

मी सांगितलं. बोलण्यावरून मी कुठली ते तिला कळलं.

"घाटीण हाय! म्हनून. अगो, ही बोंबील वालवायची वलांडी हाय. ह्या दोऱ्यांनी किती वर्सांचे बोंबील खाल्लंत ते हुंगून बघ."

मी चादरीचं टोक हुंगलं. आता तिला बोंबलांचा वासही येत होता. मी तिथेच वाळूत बसले. म्हणाले, "अक्का, परवा पौर्णिमा. मला परत पाठवतील."

बाकीच्या पुढे निघून गेल्या. ती थांबली. तिनं एक चादर उतरवली, नाकाला लावली, बराच वेळ.

"ह्यात दोन वास हायत," ती म्हणाली. "एक माझा, एक तुझा. माझा मना ठावा हाय. तुझा कसला हाय?"

"मला कळत नाही."

"चल, बघू या."

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर कोळीवाड्यात किती कामं असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. होड्या रंगवायच्या, जाळी, घर सारवायचं, नारळीभात. ती तसंच सगळं टाकून पाटी वलांडीखाली पालथी घालून माझ्याबरोबर आली. एक बादली तिनं घेतली.

मागच्या पडवीत आल्यावर तिनं कपड्यांकडे बघितलंच नाही. पिंपावर वाकली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आतल्या बाजूवरून बोटं फिरवून वर काढली. बोटांवर राखाडी, बुळबुळीत साय होती.

"ह्यात पानी कवाचं?"

"रोज नवं घालते की."

"आनि जुनं?"

"जुनं असतंच."

"असतंच म्हंजे?"

"म्हणजे... टाकायचं कसं, अक्का?"

"असं," ती म्हणाली. तिनं पिंपाला कंबर लावली, एक पाय भिंतीला दिला, आणि पिंप कलंडलं.

सगळं पाणी एकदम पडवीतून अंगणात गेलं. मी काय केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी खाली बसून दोन्ही हातांनी ते अडवायला लागले. घाण, फेसाळ, आंबलेलं पाणी माझ्या ओंजळीच्या दोन्ही बाजूंनी जात होतं आणि मी रडत होते. ती आधी हसणार होती, मी पाहिलं. मग हसली नाही. माझ्याजवळ उकिडवी बसली.

"तुमच्याकडं पानी न्हाय?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मग घमेल्याचं सांगितलं, शेवग्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. रेवदंड्याला आल्यापासून मी एवढं कुणाशी बोलले नव्हते. तिनं ऐकून घेतलं.

"आमी पाटी एक दीस धुतली न्हाय तर दुसऱ्या दिशी ताजा मावरा बी घान मारतो," ती म्हणाली. "पाटी धुवायची, पालथी घालायची, वाऱ्याला ठेवायची. कापडाला किती धुशील तू? ज्यात धुतंस तेच सडलंय." आणि मग म्हणाली, "आमची मानसं रोज पान्यावर जातात. येतील का न्हाय कोन सांगनार? त्या पान्याला तू ओंजळीत राखतंस व्हय, घाटणी?"

एवढ्यात मोठ्या बाई आवाज ऐकून मागे आल्या. पाणी त्यांच्या पायरीपर्यंत गेलं होतं आणि वास साऱ्या अंगणात भरला होता.

"हे काय झालं? कसलं पाणी हे?"

तान्ह्या बाळांची दुपटी मी कशात भिजवत होते हे त्यांना कळलं, तर पौर्णिमेचीही वाट बघायची गरज नव्हती. अक्का उठून उभी राहिली.

"माझ्या हातनं सांडलं, बाय. पिंप बघाया गेले, कलंडलं."

"तुला कुणी सांगितलं होतं बघायला? आणि वास कसला हा?"

"मी मासलीवाली, बाय. वास यायचाच."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता अंगण धुवून दे सगळं. आणि पिंप होतं तिथे नीट लावून दे."

"देते," अक्का म्हणाली.

आणि तिनं दिलं. स्वतःच्या घरचं सारवण तसंच राहिलं आणि ती दुसऱ्याच्या अंगणात पोहऱ्यावर पोहरा ओढत राहिली, बोलणी खाऊन. मी म्हणाले, अक्का, मी सांगते त्यांना खरं. तर म्हणाली, "गप. तुझं तोंड बघून पान्याला पन रडू येल."

आम्ही पिंप नारळाच्या काथ्याळ सोडणानं आणि वाळूनं घासलं. आतून लाकडाचा खरा रंग दिसेपर्यंत. मग दोन दगडांवर पालथं घातलं, खालून वारा जाईल असं. चादरी आणि कपाटातली दुपटी, अभ्रे, सगळं विहिरीवर नेऊन नुसत्या पाण्यात इतक्या वेळा खळबळलं की शेवटचं पाणी नितळ निघालं. साबण कितीतरी होता त्यांत, मीच घातलेला, न निघालेला. मग तिनं चादरीचं एक टोक धरलं.

"धर."

मी दुसरं धरलं. ती उजवीकडे पिळत होती, मी डावीकडे. चादर मधोमध दोरखंडासारखी आवळत गेली आणि पाणी धारेनं गळायला लागलं. तिनं इतक्या जोरानं ओढलं की मी पुढे खेचली गेले. "खात न्हाईस काय गो?" ती ओरडली. मला हसू आलं. चादरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असल्याला किती दिवस झाले होते!

चादरी वाडीत दोन झाडांमध्ये दोरी बांधून टाकल्या, एक-एक सुटी, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. संध्याकाळी ती पुन्हा डोकावली. मी घडी घालायला लागले तर हात धरला. "गालाला लाव आधी. गार लागतं?" थोडं गार लागत होतं. "मग ओली हाय. हाताला कलत न्हाय, गालाला कलतं." त्या मग चुलीच्या खोलीत टांगल्या.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी गावातून वाजतगाजत नारळ समुद्राकडे चालला होता आणि मी कपाटाशी उभी होते. मोठ्या बाईंनी वरची चादर काढली, नाकाशी नेली. दुसरी काढली. मग एक दुपटं. बाहेर वाजंत्री इतक्या जोरात होती की त्या काही बोलल्या असत्या तरी मला ऐकू आलं नसतं. त्यांनी दुपटं परत ठेवलं आणि म्हणाल्या, "पिंप रोज पालथं घालत जा." बस. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी इतकंच समजले की रोज, म्हणजे उद्या, परवा, आणि पुढेही.

मी धावत कोळीवाड्यात सांगायला गेले. पण होड्या सुटण्याची गडबड होती, ती बायकांच्या घोळक्यात होती, डोक्यात फुलं माळलेली, ओळखूच येत नव्हती. मी लांबून हात केला. तिनं पाहिला की नाही कोण जाणे. मी परत आले.

तिचा धंदा सुरू झाला. पाटी घेऊन ती पहाटेच निघायची, कधी अलिबागेकडे, कधी खाडीपलीकडच्या गावांत. आमच्या कुंपणावरून जाताना एक हाक द्यायची, "घाटणी, पालथं घातलंस काय?" मी आतून ओरडायचे, "घातलं!" बहुतेक दिवस तेवढंच बोलणं. चादरीचं टोक मी पुन्हा पोफळीला बांधू लागले. फक्त आता दुसऱ्या टोकात काठी अडकवून पीळ घालायला शिकले होते.

तिला काय देऊ, असं मी एकदा विचारलं होतं. तिनं पाटीवरचं फडकं नीट केलं. "तुझ्याकडं हाय काय?" म्हणाली. काहीच नव्हतं. "मग दे कवातरी, झालं की."

काही वर्षांनी मोठ्या बाई थकल्या, त्यांनी ते घर बंद केलं आणि मला मुंबईच्या एका इस्पितळात लावून दिलं. आता मी तिथे धुलाईखात्यात आहे. खोलीएवढं यंत्र आहे. चादरी आत टाकायच्या, लोखंडी दार लावायचं, तेच घुसळतं, तेच पिळतं. पावसाळ्यात बॉयलर बिघडला की थंड पाण्यावरच चालवावं लागतं, आणि दार लावून माणसं घरी गेली की सकाळी उघडताना आतून तोच वास येतो. मी तो लगेच ओळखते. दाराच्या रबराखालची बुळबुळ बोटानं काढून दाखवली तर यंत्रावरचा माणूस म्हणाला, "मावशी, साबणानं भरलेलं यंत्र घाण कसं होईल?" मी वाद घातला नाही. कोरड्या फडक्यानं आतून पुसते आणि दार उघडं टाकून मगच निघते. सगळे गेलेले असतात. पिळायला इथे दुसरं कुणी लागत नाही, त्यामुळे दिवसच्या दिवस बोलायलाही लागत नाही.

गेल्या वर्षी रेवदंड्याचा एक जण भेटला. म्हणाला, तिचे गुडघे गेले आहेत, पाटी आता सून नेते. ऐकल्यापासून मला चैन नाही. माणूस बिछान्याला लागलं की त्याचं अंथरूण कोण धुतं, कसं धुतं, हे मी जन्मभर पाहिलं आहे. अक्का, मला वाचता येतं तसं तुला येत नाही, हे तुला कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. त्याला सांग, मोठ्यानं वाच. तू बसून राहिलीस की मला निरोप धाड. मी रजा काढून येईन, रजा नाही मिळाली तरी येईन, आणि तुझं अंथरूण-पांघरूण, तुझी लुगडी, सगळं मी धुईन. दर वेळी ताज्या पाण्यात. जितके दिवस लागेल तितके दिवस.